सेन्सर आले, दारं कुठे?

दारावर सेन्सर बसवायचा असेल तर आधी दार असावं लागतं, ही गोष्ट कुठल्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेली नसते. मी तो कॅटलॉग मुखपृष्ठापासून मागच्या पत्त्यापर्यंत वाचला होता. मी वाचनालयात काम करते. छापलेलं काही समोर आलं की ते संपवल्याशिवाय मला उठवत नाही, तळटिपासुद्धा सोडवत नाहीत. त्यामुळे सेन्सरला धूळ चालते का, तेल उडालेलं चालतं का, दार किती हललं तर तो खपवून घेतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. आमच्या कारखान्यातल्या एकाही मशीनला दार नाही, एवढंच तेवढं माहीत नव्हतं.

कारखाना म्हणजे पुठ्ठ्याचे खोके करणारी एक लांबट शेड, तीन मशिनं आणि जनरल. बाबा गेले आणि कारखाना आमच्यावर आला. म्हणजे आमचा तो पहिल्यापासूनच होता, पण बाबा असेपर्यंत आमच्यावर यायची त्याला गरज पडली नव्हती. आईने त्यात कधी पाऊल टाकलं नाही. तिच्या लेखी ती बाबांची जेवणं थंड करणारी जागा होती. मामाने लगेच एक घेणारा शोधून आणला, कागदही तयार करून ठेवले. आई सही करणार, इतक्यात बिस्किटांच्या कंपनीचा निरोप आला. आमचे जवळजवळ सगळे खोके तीच कंपनी घेते. निरोप असा, की ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो त्यांच्या मशिनांच्या हलत्या भागांवर दारं पाहिजेत, दारांवर स्पर्श न होता काम करणारे सेन्सर पाहिजेत, आणि दार उघडताक्षणी मशीन थांबलं पाहिजे. आमच्या सुरक्षा अधिकारी येऊन तपासतील. नसेल तर खोके दुसरीकडून घेऊ.

"झालं," मामा म्हणाला. "देवच सांगतोय, विका."

"मी बसवते सेन्सर," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "ऑर्डर गेली तर मी त्याच दिवशी सही करणार. राहिली तर बघू."

आईच्या 'बघू'वर मी लहानपणी सायकल मिळवली होती. मी वाचनालयातून रजा घेतली आणि कामाला लागले.

सेन्सरच्या दुकानातला विक्रेता उत्साही होता. त्याने काचेवर दोन काळे तुकडे ठेवले. आगपेटीएवढा एक, त्याहून लहान दुसरा. "हा मोठा मशीनच्या अंगावर बसतो, हा छोटा दारावर. दोघं एकमेकांना चिकटत नाहीत, घासत नाहीत, म्हणून झिजत नाहीत. नुसते जवळ असतात. छोटा जरा लांब गेला की मोठ्याला कळतं आणि तो सगळं थांबवतो."

मला त्या वाक्यावर काहीतरी सुचलं होतं, पण दुकानात गर्दी होती.

"आणि मॅडम, याला फसवता येत नाही. प्रत्येक मोठा फक्त आपल्याच छोट्याला ओळखतो. दुसरा कुणी शेजारी आणून उभा केला तरी ढिम्म हलणार नाही."

मी हरखून गेले. खरं सांगायचं तर बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला कशाबद्दल तरी इतकं कुतूहल वाटत होतं की घरी जाईपर्यंत वाट बघवेना. घरी आल्या आल्या मी जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी म्हणजे मशीन, चमचा म्हणजे दार, असं सगळं मांडून आईला समजावून सांगितलं. आई शांतपणे जेवत होती.

"म्हणजे हात लावला की बंद पडतं," ती म्हणाली. "आपला टीव्ही इतकी वर्षं तेच करतोय. त्याला कुणी सेन्सर म्हणालं नाही."

दुसऱ्या दिवशी मी तीन जोड्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. जनरल चहा पीत बसला होता. जनरल हा आमचा सगळ्यात जुना कामगार. हुकूम सोडायची त्याला इतकी हौस, की शेडमध्ये एकटा असला तरी तो मशिनांना हुकूम सोडतो. मला तो माझ्या फ्रॉकच्या वयापासून ओळखतो आणि हाक मारतो ती 'बेबी'. माझे केस पांढरे व्हायला लागलेत, हे त्याच्या कानावर घालून झालं आहे. काही उपयोग झाला नाही.

मी डबा उघडला, सेन्सरवर एक छोटंसं भाषण केलं आणि म्हणाले, "दाखवा, कुठल्या दारापासून सुरुवात करायची?"

"कसलं दार?"

"मशीनचं."

जनरलने मशिनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दारं होती की. मशिनं नवी आली तेव्हा होती."

"मग गेली कुठे?"

"मालकांनी काढली. दार उघडा, वाकडा पुठ्ठा सरळ करा, दार लावा. दिवसभर तेच. मालक म्हणाले, आपण खोके करायला बसलोय का दारं लावायला?"

"आणि काढून टाकली कुठे?"

"टाकली?" जनरल दुखावला. "मालकांनी जन्मात कधी काही टाकलंय?"

हे बरोबर होतं. बाबांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचं असंच असतं. ते टोक दारं काढल्यानंतरचं की आधीचं, हे मी जनरलला विचारलं नाही. त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही, यातच काय ते कळलं. मी दारं शोधायला निघाले.

पहिलं दार लांब नव्हतं. "ते बघ, तुझ्या कपाखाली," जनरल म्हणाला. ज्या टेबलावर कारखाना चहा पीत होता, त्याचा वरचा पत्रा म्हणजे खाचा पाडणाऱ्या मशीनचं दार. उलटं केल्यावर खाली मूठसुद्धा निघाली. त्या दिवसापासून चहा उभ्याने प्यावा लागला आणि कामगारांमध्ये माझ्याबद्दल पहिली नाराजी निर्माण झाली.

दुसरं, गोंदाच्या मशीनचं दार आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत होतं. विटांवर आडवं ठेवून त्यावर त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या.

"तुझ्या वडिलांनी दिलंय मला ते," काकू म्हणाल्या. "दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?"

"काकू, ते मशीनचं दार आहे."

"आता कुंड्यांचं आहे. आणि काय गं, एवढं यंत्र कशाला हवं? मशीनजवळ एक माणूस उभा कर. कुणी हात घातला की ओरडायचं."

"आणि तो ओरडेपर्यंत?"

"चपळ माणूस ठेव."

सुरक्षेवर एवढा संक्षिप्त विचार माझ्या वाचनात कधी आला नव्हता. शेवटी तह झाला. काकूंनी दार दिलं आणि कुंड्या आमच्याकडे दिल्या. रोज सकाळी त्या कुंड्यांना भेटायला खाली येणार होत्या. आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसायचं तर आधी एका जास्वंदीची परवानगी घ्यावी लागायला लागली.

"कारखाना वाचवतेस की बाग लावतेस?" आईने विचारलं. तिला उत्तर नको होतं. ती चार दिवसांसाठी मावशीकडे निघून गेली.

तिसरं दार सगळ्यात मोठं, पंचिंग मशीनचं. या मशीनला जनरल 'जबडा' म्हणतो. पुठ्ठ्याचा ताव आत जातो, जबडा मिटतो, उघडतो आणि ताव खोक्याच्या आकारात कापून घड्या पाडून बाहेर येतो. खरं दार हवं ते याच मशीनला. आणि हे दार मी गेली कित्येक वर्षं रोज तुडवत होते. इमारतीच्या दारात तीन पायऱ्या आहेत, त्यांच्यावर तिरका टाकलेला जो जाड पत्रा आहे, तोच तो.

हा पत्रा का आहे, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. तळमजल्यावरचे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या सोसायटीचे तहहयात सचिव. त्यांच्या बायकोला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ती चाकांच्या खुर्चीत होती आणि पायऱ्यांशी सगळे थबकले होते. बाबा काही न बोलता कारखान्यात गेले आणि तासाभरात हा पत्रा घेऊन आले.

मी पत्र्याशी उभी राहून माप घेत होते, तेवढ्यात सर बाहेर आले.

"मला कळलं," ते म्हणाले. वरच्या काकू असताना इमारतीत काही कळायचं राहत नाही. "घेऊन जा. वस्तू तुमची आहे."

"आणि खुर्चीतल्या काकू बाहेर कशा पडणार?"

"फळी टाकू."

"फळी वाकेल, सर."

आतून चाकांचा आवाज आला आणि काकूंचा प्रश्न आला, "कोण आहे?" मी टेप गुंडाळला. "कुणी नाही काकू, मी. सहज." आणि वर निघून आले.

तिथे, आमच्याच दारासमोर, मला ते दिसलं. घराच्या लाकडी दाराबाहेर आमचं जाळीचं लोखंडी दार आहे. उंची तीच, रुंदी तीच, आणि जाळी असल्यामुळे आतलं सगळं दिसतं. मशीनच्या दारालाही हेच तर लागतं! त्यातून त्याला सगळे म्हणतात 'सेफ्टी डोअर'. मी जिन्यातच टाळी वाजवली. एखाद्या संशोधकाला आंघोळ करताना सुचावं, तसं मला चप्पल काढताना सुचलं.

जनरल दार खोलायला पाने घेऊन येणार, तोच सर वर आले. मागे हात बांधून.

"ऐकलं ते खरं का? दार काढताय?"

"हो सर."

"सोसायटीच्या दर्शनी भागात बदल करायला लेखी अर्ज लागतो. कारणासह."

मी अर्ज लिहिला. कारण: 'मशीनला दार हवे आहे.' सरांनी वाचला आणि लाल पेनाने खाली रेघ मारली. "रंगकाम, गळती, वाळवी. या तीनच कारणांसाठी परवानगी देता येते. मशीन यात बसत नाही."

"दार लोखंडी आहे, सर. वाळवी लागणार नाही."

"तेच तर."

मी रीतसर दुखावले. एवढी पुस्तकं वाचून माझा अर्ज वाळवीवर नापास होत होता. आम्ही दोघं त्या दारासमोर उभे होतो आणि खालून काकूंनी विचारलं, "अहो, फिरायला न्यायचंय ना मला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुझ्या वडिलांनी त्या पत्र्यासाठी अर्ज केलाच नव्हता," ते म्हणाले. "मी तेव्हा सचिवच होतो. विचारायचं राहून गेलं." आणि माझा अर्ज घडी करून खिशात टाकला. "हा मला मिळाला नाही. दार कधी काढताय, तेही मला दिसणार नाही. मी मागच्या बाजूला फिरायला नेतो हिला."

अशा रीतीने आमचं दार भर दुपारी दोन माणसांच्या डोक्यावरून रस्त्याने निघालं. जनरल पुढे, कारण तो मागे चालत नाही. दारावर दुधाच्या पिशवीचा हूक तसाच होता, बाबांच्या नावाची पाटी होती, बेलचं बटण होतं आणि त्याची वायर शेपटीसारखी लोंबत होती. ओळखीचे लोक थांबून विचारत होते, "घर बदललंत का?" जनरल सगळ्यांना ठणकावून सांगत होता, "बेबीचं काम चाललंय!"

दारं जमली, आता ती बसवायची. वायरमनला सगळे फेज म्हणतात. तो आला, डबा पाहिला, कॅटलॉग बाजूला ठेवला आणि म्हणाला, "वाचून कामं होत नाहीत, मॅडम." मग तिन्ही सेन्सर एकाच माळेत ओवून टाकले. परिणाम असा, की कुठलंही एक दार उघडलं की तिन्ही मशिनं बंद. गोंदाच्या मशीनवरच्या माणसाने आत डोकावलं की जबडा थांबे. जबड्याचं दार उघडलं की खाचा पाडणारा माणूस हवेत हात धरून उभा.

"एकत्र कुटुंब आहे," फेज समाधानाने म्हणाला. "एक रुसला की सगळे उपाशी."

मी त्याच्यापुढे कॅटलॉगचं पान धरलं. त्याने ते माझ्याच हातात ठेवून, नुसत्या एका डोळ्याने वाचलं आणि बोलता बोलता वायरी अशा बदलल्या, जणू पहिल्यापासून त्याच्या मनात हेच होतं. पहिल्या मशीनचं दार लावलं. लाल दिवा गेला, हिरवा लागला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दार उघडलं. धडधडणारं मशीन एका क्षणात गप्प. लावलं, बटण दाबलं, चालू. उघडलं, गप्प. मी ते इतक्या वेळा केलं की शेवटी जनरल म्हणाला, "बेबी, खेळणं नाही ते."

पण मोह त्यालाही आवरला नाही, फक्त वेगळ्या दिशेने. तीस सेकंदांचं काम दार उघडझाप करत करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो घरून फ्रिजवरचं चुंबक घेऊन आला, पोपटाच्या आकाराचं. दार उघडं ठेवून त्याने पोपट सेन्सरच्या तोंडाशी धरला. दिवा लाल. मग जुन्या लाउडस्पीकरमधलं मोठं चुंबक आणलं. लाल. मग दुसऱ्या मशीनच्या दारावरचा छोटा तुकडा काढून याच्यापुढे धरला. तरी लाल. मी कोपऱ्यातून सगळं बघत होते आणि माझी छाती अभिमानाने अशी भरून आली होती, जणू तो सेन्सर माझ्या पोटचा होता.

शेवटी जनरल मागे सरला. "पक्का आहे," तो म्हणाला. "लाच खात नाही." आणि त्याने त्या सेन्सरला हलकासा सलाम ठोकला.

जबड्यावर तोवर नुसतं अडकवलेलं आमचं घरचं दार तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पक्कं बसलं. रिकाम्या मशीनवर चालवून पाहिलं. हिरवा दिवा, सगळं झकास. मी घरी येऊन जास्वंदीशेजारी बसले आणि दुसऱ्या दिवसाचं भाषण मनातल्या मनात पाठ केलं.

सुरक्षा अधिकारी सकाळीच आल्या. बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या आणि डोक्यापेक्षा मोठ्या पांढऱ्या हेल्मेटच्या. मी भाषण सुरू केलं, त्यांनी बोट वर केलं. "आधी बघू, मग ऐकू." त्यांनी पहिल्या मशीनचं दार उघडलं, मशीन थांबलं. मूठ निरखली. "ही चहाची वर्तुळं कसली?" "जुनं डिझाइन आहे," जनरल म्हणाला. दुसरं दार उघडलं, मशीन थांबलं. तळाशी थोडी माती होती. ती त्यांनी झटकली, पण विचारलं काही नाही.

मग त्या जबड्यापुढे उभ्या राहिल्या. पाटी वाचली. बेलचं बटण पाहिलं आणि, माणसाला आवरत नाही तसं, दाबून पाहिलं. "चालवून दाखवा. भरल्या मालावर."

जनरलने ताव भरले, बटण दाबलं. जबडा मिटला, उघडला, मिटला. भरल्या मालावर तो सबंध अंगाने हादरतो. आमचं घरचं दार हादऱ्याबरोबर बिजागरीवर डुगडुगलं, खाली झुकलं, सेन्सरपासून जेमतेम बोटभर सरकलं. लाल. मशीन बंद.

"पुन्हा," अधिकारी म्हणाल्या.

पुन्हा तेच. जनरलने दार गुडघ्याने दाबलं, चिकटपट्टी लावली, शिवी दिली. लाल. फेजने कॅटलॉग मागितला! याच वेळी शेडच्या तोंडाशी मामा दिसला. सोबत एक उंचापुरा, चांगला भरभक्कम गृहस्थ होता, तोच घेणारा. ऑर्डर गेली की लगेच व्यवहार, अशा तयारीने दोघं आले होते. आणि त्या दोघांना बाजूला सारत, हातात प्रवासाची पिशवी घेऊन, आई आत आली.

"माझं दार कुठाय?"

जनरलने चिकटपट्टीचं रीळ पाठीमागे लपवलं.

"मावशीकडून येते तर घराला बाहेरचं दार नाही. आतलं लाकडी जरा उघडं ठेवलं तर मांजर आत येऊन दूध पिऊन गेलं. सरांना विचारलं तर म्हणाले, मला काही दिसलं नाही. कुठाय माझं..." तिला ते दिसलं. जबड्याला लटकलेलं, चिकटपट्टी लावलेलं, वाकडं. "अगं बाई! काय दशा केलीत याची!"

"आई, एक मिनिट, या मॅडम..."

"साधं दार लावता येत नाही तुम्हाला? याला असं लावतात होय?" आईने पिशवी खाली ठेवली, दाराकडे पाठ केली आणि कमरेने एक दणका दिला. घरीही ती ते असंच लावायची. ते दार नुसत्या हाताने कधी बसलंच नव्हतं, हे आमच्या घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

हिरवा.

जनरलने क्षण दवडला नाही. बटण दाबलं. जबडा चालू झाला. आई दचकली, पण हलली नाही.

"हलू नका, वहिनी!" जनरल ओरडला.

"का?"

"हललात तर बंद पडेल!"

आई तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीमागे सबंध मशीन धडधडत होतं, त्याबरोबर तिची वेणी हलत होती. मान वळवून ती जाळीतून आत बघायला लागली. कोरा ताव आत जात होता आणि दुसऱ्या बाजूने खोका होऊन बाहेर पडत होता. एक. पुन्हा एक. पुन्हा.

"हे असं होतं होय?" ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण आवाज होता. "मला वाटायचं, हाताने कापत बसतात."

"हाताने कापून जमेल का, वहिनी?" जनरल.

"यांनी कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी आला नाहीत."

"बोलावलं होतं का कुणी?"

अधिकारी बाई एवढा वेळ हे सगळं शांतपणे बघत होत्या. आता त्या आईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काकू, जरा बाजूला व्हा."

"मी नाही होणार."

"का?"

"बंद पडेल ते. आत्ताच सांगितलं ना त्याने."

"ते बंद पडतं का, हेच बघायला आलेय मी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आई एक पाऊल पुढे झाली. दार झुकलं. जबडा अर्धवट उघडा असतानाच जागच्या जागी थांबला, आतला ताव निम्मा कोरा, निम्मा कापलेला. अधिकारी बाईंनी दार उघडं ठेवून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मशीन ढिम्म.

मग त्यांनी उघड्या दारातून हात आत घातला आणि थांबलेल्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. आई ते बोट बघत राहिली. ती काय बघत होती ते मला कळलं, आणि मी जनरलकडे पाहिलं तर तो खाली बघत होता.

"सेन्सर पास," अधिकारी म्हणाल्या. "इतका चोख बसवलेला मी छोट्या जागेत पाहिला नाही. दार मात्र नापास. बिजागऱ्या जाड हव्यात, कडी हवी. तोवर हे मशीन बंद ठेवायचं. बाकी दोन चालू द्या. मी पुढच्या आठवड्यात परत येईन, तोपर्यंत ऑर्डरला हात लावत नाही." त्यांनी पॅड पुढे केलं. "मालक कोण आहेत?"

शेडमध्ये तो शब्द आजवर एकाच माणसाला वापरला गेला होता. जनरलची मान सवयीने खिडकीजवळच्या बाबांच्या स्टुलाकडे वळली, मग परत आली. मी घसा साफ केला. एवढ्या दिवसांची धावपळ, कुंड्या, अर्ज, सगळं माझंच होतं. मी पेनासाठी हात पुढे केला.

"तू थांब," आई म्हणाली. तिने पेन घेतलं. "मी आहे मालक. सही कुठे करायची?"

माझा हात हवेत राहिला. मला राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला होता की तो हात मी तसाच टाळी वाजवायला वापरला, आणि एकटीच वाजवते आहे हे लक्षात येईपर्यंत जनरलही वाजवायला लागला होता.

अधिकारी बाई निघून गेल्यावर मामा पुढे आला. "ताई, हे काय? मी कागद घेऊन आलोय. हे गृहस्थ कामधंदा सोडून आलेत."

"बरं झालं आलेत," आई म्हणाली. "तू आता सरळ हार्डवेअरच्या दुकानात जा आणि बिजागऱ्या आण. चांगल्या जाड. सोबत कडी पण."

"घराच्या दाराला?"

"घराला नवं दार करू. हे आता इथलं."

"आणि यांना काय सांगू?"

आईने त्या भरभक्कम गृहस्थांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग दार त्यांच्याकडे ढकललं.

"यांना म्हणावं, जुन्या बिजागऱ्या काढेपर्यंत एवढं धरा."